हिरव्या पट्टीची डिश

पुन्हा मेल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी बसले होते आणि खाली माझ्या स्वतःच्या पेशी आकसून, फुटून, सुट्या होऊन तरंगत होत्या. शेजारी कुणीतरी नुसती खुर्ची सरकवली, तर मी केवढी दचकले.

आमचं काम सांगायला सोपं आहे. रबरासारख्या पातळ पडद्यावर पेशी वाढवायच्या आणि यंत्राने तो पडदा ताणायचा, सोडायचा, पुन्हा ताणायचा. औषध नाही, किरण नाहीत, नुसती ओढाताण. कॅन्सरच्या पेशी एरवी कुणाला जुमानत नाहीत, पण या ओढाताणीत त्यांचा जीव जातो. निरोगी पेशींना काही होत नाही. उलट व्यायाम केल्यासारख्या टुणटुणीत होतात.

लाल पट्टीच्या डिशमध्ये माझ्या ताईच्या पेशी होत्या, तिच्या छातीतल्या गाठीतून काढलेल्या. हिरव्या पट्टीच्या डिशमध्ये निरोगी. निरोगी पेशी बाहेरून मागवायच्या नाहीत, आपल्या आपणच द्यायच्या, ही आमच्याकडची पद्धत. आमच्या लॅबचे प्रमुख असलेल्या सरांनी स्वतःच्या पाठीवरची चामखीळ काढून घेतली तेव्हा तिच्या कडेची कातडी आणून दिली होती. माझ्याही छातीत एक बारीकशी गाठ निघाली होती. ती तपासणीला गेली, 'साधी आहे' असा रिपोर्ट आला. तिच्या शेजारचा चांगला तुकडा मात्र मी सर्जनच्या मागे लागून इकडे आणला. एक बहीण आजारी, एक धडधाकट, यापेक्षा चांगली जोडी कुठे मिळणार? मी तर खूशच होते स्वतःवर.

पहिल्यांदा हिरव्या डिशमधल्या माझ्या पेशी मेल्या तेव्हा सर माझ्यावर उखडले.

"डिशांची अदलाबदल केलीस तू!"

"सर, मी घरी डबा विसरेन, पण डिश बदलणार नाही," मीही फणकारले.

दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने पट्ट्या चिकटवल्या. तरी तेच. मग त्यांचं म्हणणं, यंत्र जास्त ओढतंय, सरसकट सगळ्यांना मारतंय. तसं असेल तर सगळंच ओमफस्. ताई रोज विचारायची, झालं का गं तुझं यंत्र तयार? तिला काय तोंड दाखवणार होते मी? म्हणून या वेळी हट्टाने मी सरांच्या पेशीही त्याच यंत्रावर चढवल्या.

त्या जिवंत होत्या. सरांसारख्याच, कितीही ओढा, ढिम्म. म्हणजे यंत्र बरोबर होतं. ते फक्त कॅन्सरच मारत होतं. म्हणजे मग... त्या 'म्हणजे'च्या पुढे माझं डोकं जाईना.

सरांनी बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. दिवसभर खेकसणारा हा माणूस अगदी हळू म्हणाला, "बस जरा." मी बसलेलीच होते.

आणि तेवढ्यात ताई आली. यायचंच होतं तिला आज. तिच्या पेशी मरताना बघायच्या म्हणून तिने कधीपासून माझं डोकं खाल्लं होतं. डोक्याला रुमाल, अंगावर ठेवणीतला ड्रेस, जशी काही लग्नालाच निघालीय. मी 'आज नको' म्हणेपर्यंत ती सूक्ष्मदर्शकापाशी बसलीसुद्धा. सरांनी मुकाट्याने लाल डिश खाली सरकवली.

"गेल्या? सगळ्या? बरं झालं! भारी माजल्या होत्या मेल्या!" ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच खळखळून हसली. हसता हसता तिने शेजारची डिश ओढली. "अगंबाई, या पण आडव्या! या पण माझ्याच ना?"

"हो, हो, तुमच्याच," सर घाईने म्हणाले.

मला वाचवायला म्हणाले, कळलं मला, तरी तिडीक उठली. डोळ्यांनी बघितलेलं इथे कधीच कुणी खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही ताई. पट्टी बघ."

लाल तिची, आजारी; हिरवी माझी, बरी. जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून मीच तिला समजावलं होतं. तिने हिरवी पट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा डोळा भिंगाला लावला.

"कुठली बाजू?" तिने मान वर न करताच विचारलं.

"डावी."

"माझीही डावीच होती."

"ताई, एकदा पुन्हा करून बघू. काहीतरी चुकलं असेल, कदाचित—"

"बास." ती उठली. "डिशमध्ये बघून झालं आता. माझे डॉक्टर असतील अजून दवाखान्यात. ॲप्रन काढ."

लहानपणी शाळेतून आल्यावर माझ्या गणवेशाचे बंद सोडायची तशी ती माझ्या मागे उभी राहून ॲप्रनची गाठ सोडवायला लागली. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गाठ काही सुटेना. मी मागे हात नेला, तशी तिने तो घट्ट धरून ठेवला.

"मला झालं ना," ती माझ्या पाठीशी पुटपुटली, "तेव्हा म्हटलं, चला, निदान तू तरी सुटलीस."