सोयराबाईंचे मंगळवार

खुर्चीतल्या खुर्चीत बसून, काठीचं टोक खुपसून रत्नाबाईंनी कुंडीतली माती उकरली, तशी आतून इडली वर आली. पांढरीशुभ्र, आजच्या सकाळचीच. तिच्याखाली आणखी एक होती, हिरवी पडलेली, मुंग्यांनी पोखरलेली.

"बघ गं भव्या, बघ. भिकेचे डोहाळे म्हणतात ते हे. कढीपत्त्याला मुंग्या का लागल्या म्हणून मी इथं डोकं खाजवतेय, आणि ही बाई अन्न पुरून ठेवतेय!"

भव्या रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती. रोज सकाळी ती के. आर. पुरमच्या या घरी यायची, दोन्ही म्हाताऱ्यांची साखर बघायची, इन्सुलिनची सुई टोचायची आणि संध्याकाळी पुन्हा एक फेरी मारायची. कानडी मुलगी, पण या घरात येऊन येऊन मराठी बोलायला शिकली होती.

"सोयरा अज्जी मला म्हणाल्या, खाल्लं म्हणून."

"म्हणेल ती! तोंडात साखर आणि पोटात कात्री. माझ्या सुनेच्या, चंदनाच्या हातचं गोड लागत नाही महाराणीला. हिचा नवरा, सयाजीभावजी गेले तेव्हा हिच्या माहेरच्यांनी दार लावून घेतलं होतं. मी ठेवून घेतली. ताटाला ताट लावून जेवायला घातलं जन्मभर. त्याचे हे पांग फेडतेय."

"रागवू नका अज्जी. पण हे चांगलं नाही." भव्यानं आवाज खाली आणला. "मी सुई टोचून जाते. मग पोटात काही गेलं नाही तर साखर एकदम खाली उतरते. वाढलेली साखर माणसाला हळूहळू खाते. उतरलेली थांबत नाही. मागच्या आठवड्यात त्या न्हाणीघरात पडल्या, त्या अशाच पडल्या असतील."

 रत्नाबाईंनी नाकातली नळी नीट केली. ऑक्सिजनचं मशीन मागच्या खोलीत घुरघुरत होतं, एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखं.

दोघी जावांना मिळून इतके आजार होते की गोळ्यांना एक फळी पुरत नसे. थोरलीचं काळीज थकलं होतं, छातीत पाणी साठायचं, पाय सुजून केळीच्या खुंटासारखे व्हायचे. धाकटीची मूत्रपिंडं गेली होती, नजर गेल्यात जमा होती. साखर आणि रक्तदाब दोघींना सारखाच, जसं एकेकाळी दोघींना सारखंच लुगडं यायचं. दसऱ्यापासून रत्नाबाईंचं चालणं बंद झालं होतं. खुर्चीतून पलंगावर न्यायचं तरी दोघांनी धरावं लागे.

मुलगा यशोवर्धन तेव्हापासून एकच धोशा लावून होता. जे. पी. नगरला एक घर आहे, तिथं अशा माणसांना ठेवतात, दिवसरात्र नर्स असते. काकूंना तिथं ठेवू. तू तरी आमच्या डोळ्यांसमोर राहशील, तिच्याकडे दिवसभर कोण बघणार?

"या घरातली बाई परक्याच्या दारात मरायला जायची नाही," रत्नाबाईंनी सुनावलं होतं. "विषय संपला."

आणि सोयराबाई दाराआड उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. नंतर पाय चेपता चेपता म्हणाल्या होत्या, "अक्का, मला पाठवू नका. तुमच्याशिवाय मला दिशा कळत नाहीत."

आज मात्र रत्नाबाईंनी ती इडली काठीच्या टोकावर धरून सोयराबाईंच्या पुढ्यात नाचवली.

"हे काय आहे?"

सोयराबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. "इडली दिसतेय."

"दिसतेय! मातीत उगवली का?"

"केरात टाकायचं बरं नाही वाटलं, अक्का. अन्न आहे."

"मग गिळायला काय झालं होतं?"

"तोंडाला चव नाही," असं म्हणून सोयराबाई हसल्या. त्या हसण्यानं रत्नाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाला चव नाही म्हणे. माझ्या सुनेच्या हाताला नावं ठेवते.

भव्या जाताना सोयराबाईंपुढं दुसरी इडली ठेवून गेली, ती खाल्ली का हे कुणी बघितलं नाही. दुपारी घरात दोघीच उरल्या. चंदना इंदिरानगरला ऑफिसात, यशोवर्धन कामावर. रत्नाबाई पलंगावर उशांना टेकून होत्या आणि सोयराबाई खाली बसून त्यांचे पाय चेपत होत्या. सकाळपासून रत्नाबाईंनी अबोला धरला होता. सोयराबाईंना त्याचं काही नव्हतं. थोरलीचा अबोला त्यांना पावसाळ्यासारखा, येतो आणि जातो.

चेपणारा हात थांबला. रत्नाबाईंना वाटलं, डुलकी लागली. मग पावलावर टपकन काहीतरी पडलं. घाम होता. सोयराबाईंची चोळी पाठीवर चिंब भिजली होती, हनुवटी थरथरत होती, आणि डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हते.

"सोयरे?"

सोयराबाईंनी मान वर केली. रत्नाबाईंकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"आई," त्या म्हणाल्या. जिभेवर शब्द जड झाला होता. "आजपण कण नाही घेतला गं. मंगळवार नाही चुकवला, शुक्रवार नाही. दिवेलागणीपर्यंत कण नाही. पोट बघ, रिकामंच आहे. अक्काला तेवढी पायांवर उभी कर. ती चालली की तुझी ओटी भरीन."



"चंदना!" त्यांनी हाक मारली, आणि चंदना घरात नाही हे हाक मारल्यावर आठवलं. खिडकीकडे तोंड करून शेजारणीला हाक मारली, पण आवाजात दम कुठला, तो पडद्यापर्यंतही गेला नाही. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सोयराबाई हळूहळू एका अंगावर कलत होत्या, ओठ हलतच होते.

रत्नाबाईंनी नाकातली नळी ओढून काढली. पलंगाचा दांडा धरला आणि पाय खाली सोडले.

पाय आपले नव्हतेच. कुणीतरी ओली पोती बांधल्यासारखे होते. भिंत धरून त्या निघाल्या. छातीत भाता फुटेल असं झालं. स्वयंपाकघर लांब होतं, देवघर जवळ. देवीपुढं साखरेची वाटी होती, रोज सकाळी सोयराबाईच ठेवायच्या ती. रत्नाबाईंनी वाटी उचलली, तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि बोटानं ढवळलं.

"उपाशी बाईचं काय घेतेस गं?" त्या देवीला म्हणाल्या. "तुला सवाष्णी कमी पडल्या?"

परत येताना निम्मं पाणी सांडलं. उरलेलं त्यांनी सोयराबाईंचं डोकं मांडीवर घेऊन, गाल दाबून, घोट घोट पाजलं. गिळ. गिळ म्हणते ना. अशी. मग पुन्हा उठल्या, पुन्हा भिंत धरली, देवघरातला साखरेचा डबाच घेऊन आल्या. दाराची चौकट धरून श्वास घ्यायला थांबल्या होत्या, तेवढ्यात सोयराबाईंनी डोळे पुसले आणि वर बघितलं.



"अक्का. तुम्ही उभ्या आहात."

"तुला साखर आणायला उठले, वेडे."

"चालत गेलात? एकट्या?" सोयराबाईंच्या सुरकुतलेल्या तोंडावर जे पसरलं, ते रत्नाबाईंनी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "पावली. आई पावली गं बाई."

"पावली नाही, तुला न्यायला आली होती ती! भव्या काय म्हणाली माहीत आहे? सुई टोचून उपाशी राहिलीस तर मरशील. सोड हे सगळं. आत्ता पेज करून खा."

"आज मंगळवार आहे, अक्का. साखर तिचीच होती, ती चालते. पेज नको."

"तुला माझी शपथ आहे."

"शपथ तुमची." सोयराबाई खाली बघून पदराचं टोक पिळत होत्या. "बोलणं तिच्याशी झालंय."

जन्मात सोयराबाईंनी थोरलीला नाही म्हटलं नव्हतं. लुगडं थोरलीनं निवडलं, जागा थोरलीनं दिली, नवरा गेल्यावर कुंकू कधी पुसायचं तेही थोरलीनं सांगितलं. आज पहिल्यांदा नाही म्हणाल्या, आणि तेही अशा मऊ आवाजात की रत्नाबाईंना पकडायला कुठं धार सापडेना.

"आता तर सोडायचंच नाही," सोयराबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "अजून पाय सुजलेले आहेत तुमचे. सोमवारपण धरते. पुरतं बरं वाटू दे."

रत्नाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. नळी त्यांनी पुन्हा नाकात घातली.

संध्याकाळी भव्या आली तेव्हा त्यांच्या नखांकडे बघून थबकली. "अज्जी, नखं निळी पडलीत. काय केलंत आज?"

"काय करणार? उकडतंय. मशीन वाढव स्वल्प, थोडंसं."

"साखर कशी होती सोयरा अज्जींची? काही खाल्लं त्यांनी?"

रत्नाबाईंनी देवघराकडे बघितलं. आत सोयराबाई दिवा लावत होत्या, काड्यापेटी दोन-तीनदा ओढल्याचा आवाज आला. यशोवर्धन कामावरून येऊन बुटांच्या नाड्या सोडत होता. रत्नाबाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ते तुझं जे. पी. नगरचं घर. तिथं जेवण कसं देतात?"

यशोवर्धन चमकला. "चांगलं देतात, आई. मी बघून आलोय."

"चांगल्याचं नाही विचारलं. ताट ठेवून निघून जातात, का बघतात?"

"समोर बसतात. जे खात नाहीत त्यांना भरवतात. गिळल्याशिवाय उठत नाहीत."

"मंगळवारी पण?"

"मंगळवारी काय असतं?"

"काही नाही," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिला सांगू नको की मी विचारलं. उद्या सकाळी घेऊन जा."

"आई, तूच तर म्हणाली होतीस..."

"मी म्हणाले होते. आता मीच म्हणते."

मग त्यांनी नळी काढून उशीवर ठेवली. भव्या हात द्यायला पुढं झाली, तिला डोळ्यांनीच मागं सारलं. पलंगाच्या दांड्यावर जोर देऊन त्या उठल्या आणि निघाल्या. भिंत धरली नाही. देवघराच्या उंबऱ्याशी पोहोचल्या तेव्हा कपाळावरून घाम ओघळत होता. एक हात पाठीमागं, पदराखाली, चौकटीला घट्ट आवळलेला होता. समोरून तो दिसत नव्हता.

सोयराबाई दिव्यापुढून वळल्या. थोरलीला उभी बघून त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"हात जोडू नको," रत्नाबाई म्हणाल्या. दर दोन शब्दांना श्वास घ्यावा लागत होता, पण आवाज नेहमीसारखाच करकरीत ठेवला होता. "उद्या यशाबरोबर जे. पी. नगरला जायचं. रडायचं नाही. तुझे हात कापतात, पाय चेपतेस तेव्हा नखं लागतात मला. कंटाळा आला मला तुझा, सोयरे. अडत नाही माझं तुझ्यावाचून. बघ, चालते मी आता. तू जा."