माझे पाय कशाला कापलेत?

कुलगुरू बाई, तुम्ही मला फसवलंत. हे मी तुमच्या दाराबाहेर उभी राहून बोलते आहे. भंगारात टाकायचं तर खुशाल टाका.

मित्रांनो, मी एक जुनी बाभळीची खुर्ची आहे. शेवगावच्या रंगनाथ सुतारानं मला घडवलं. तेव्हा बाई कुलगुरू नव्हत्या. सावेडीत जिन्याखालच्या एका खोलीत बसून त्या लोकांच्या मनाची दुखणी ऐकायच्या. येणाऱ्यानं बसावं म्हणून मी होते.

एके दिवशी काष्टीहून छबूबाई आल्या. तरणा मुलगा गेल्यापासून त्यांची वाचा बसली होती. काखेत त्याची तान्ही पोर, दिशा. माझ्यावर न बसता त्या सरळ फरशीवर बसल्या. कशाबशा म्हणाल्या, "तुमच्याम्होरं खुर्चीवर कशी बसू, बाईसाहेब?"

"मग मीही खालीच बसते," बाई म्हणाल्या आणि खरंच मांडी घालून बसल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंगनाथला बोलावलं आणि माझे पाय चार बोटं कापून घेतले. "चांगल्या खुर्चीला बुटकी करताय की, बाई!" तो कुरकुरला. पुढच्या खेपेला छबूबाई संकोच न करता माझ्यावर बसल्या. पोटभर रडल्या. बोलल्या. माझे पाय सार्थकी लागले.

पुढं बाई प्राध्यापक झाल्या, प्राचार्य झाल्या, कुलगुरू झाल्या. सत्काराच्या भाषणात त्यांनी माझ्या कापलेल्या पायांची गोष्ट सांगितली. सभागृहानं केवढ्या टाळ्या वाजवल्या! पाय माझे, टाळ्या बाईंना, आणि बाई मात्र तिच्या!

ती म्हणजे आतली खुर्ची. काळी, उंच पाठीची, चाकांची. तिच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल, दर सोमवारी धुतलेला. माझ्यावरून कधी साधं फडकं फिरलं नाही. हो, जळते मी! का जळू नये? कळ दाबली की ती वर जाते, आणि समोर बसणारा आपोआप खाली. तिनं कुणाचं रडणं ऐकलंय? तिच्यासमोर येतो तो सही मागायला येतो.

मला मात्र आठवण म्हणून इथं आणलं आणि व्हरांड्यात ठेवलं. शिपाई कानिफनाथनं माझ्यावर फायलींचा ढीग रचला.

आज सकाळी छबूबाई आल्या. पार वाकल्यात. दिशा इथल्याच वसतिगृहात राहते. आठ दिवस झाले, ती कुणाशी बोलत नाही, नीट जेवत नाही.

"आजी, अर्ज द्या. बाईंची वेळ गुरुवारी," कानिफनाथ म्हणाला.

"अर्जात काय लिवू? पोरगी गप झालीय म्हनून?"

तेवढ्यात त्यांनी मला ओळखलं. "अगं बया! ही तर माजी बुटकी!" त्यांनी माझ्या हातावरून हात फिरवला. बसायला आल्या, तर कानिफनाथ खेकसला, "फायली हलवू नका! तपासणीच्या हायेत."

छबूबाई खाली फरशीवर बसल्या.

दुपारी दार उघडलं. बाई बाहेर आल्या, कानाला मोबाईल. छबूबाई धडपडत उठू लागल्या. बाईंनी सगळ्यांना करतात तसा मानेनंच नमस्कार केला आणि बैठकीला निघून गेल्या.

मला टॉवेल नको, पॉलिश नको. या फायली तेवढ्या उचला. छबूबाई अजून इथंच खाली बसल्यात आणि दिशा अजून बोललेली नाही. बाई, माणूस जमिनीवरच बसणार होता, तर माझे पाय कशाला कापलेत? गुरुवारी नाही, आज उत्तर द्या.