शिरीषाच्या पोटातला पंजा

“या बडोद्यात माझ्या परवानगीशिवाय एकही झाड आडवं झालेलं नाही,” असं हंबीरराव जगदाळे यांनी जाहीर केलं आणि त्याच क्षणी त्यांची शिडी आडवी झाली.

शिडी त्यांनी स्वतःच बांधली होती. हंबीरराव दहा फुटांवर शिरीषाच्या खोडाला मिठी मारून राहिले. मिठीत प्रेम किती होतं ते सांगता येणार नाही, पण घट्ट होती. खाली निरुपमाबाई प्रधान “अगंबाई!” म्हणाल्या. दत्ताजीराव सुर्वे यांनी शिडी उचलून खोडाला लावली, दोराचं टोक वर फेकलं आणि एवढंच सुचवलं, “बांधा, मुकादम. या वेळी गाठपण मारा.”

१९९८ सालचा मार्च. हरणीच्या एका सोसायटीतला निरुपमाबाईंचा टुमदार बंगला. बाई शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस बाकावर बसलाय अशाच नजरेनं त्या बघत. अंगणातल्या शिरीषाची एक जाडजूड फांदी वाळून पाण्याच्या टाकीवर झुकली होती. ती उतरवायला हंबीरराव आले होते. त्यांच्या स्कूटरवर ‘वृक्षांचे डॉक्टर’ असं मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत रंगवलेलं होतं. कुठल्या भाषेचं झाड कधी आजारी पडेल, काय नेम?

हंबीरराव आणि दत्ताजीराव दोघेही एकाच बागखात्यातून निवृत्त झालेले. त्या खात्याचं नाव घेण्याचं कारण नाही, कारण ते अजून झाडं लावतं आहे. हंबीरराव तिथे मुकादम होते. दत्ताजीरावांनी चोवीस वर्षं रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरली. निवृत्तीनंतर हंबीररावांनी पेट्रोलवर चालणारी करवत घेतली आणि खाली दोर धरायला दत्ताजीरावांना घेतलं. हे आपण त्यांच्यावर उपकार करतो आहोत, असं हंबीररावांना मनापासून वाटे.

“तुम्ही नाही का चढत?” निरुपमाबाईंनी दत्ताजीरावांना विचारलं.

उत्तर वरून आलं. “तो नाही चढत, बाई. उंचीची भीती आहे त्याला. पहिल्यापासून.”

दत्ताजीराव आपल्या हातकरवतीच्या दातांवर कानस फिरवत होते. ती फिरत राहिली.

“अजून ती करवत घासतोयस?” हंबीरराव म्हणाले. “म्युझियमला देऊन टाक.”

“देतो की. न्यायला पेट्रोल लागणार नाही.”

“माझं मशीन दोन मिनिटांत मांडीएवढी फांदी उतरवतं.”

“आणि सुरू व्हायला वीस मिनिटं घेतं. बराबर ने?”

निरुपमाबाई हसल्या, तेव्हा हंबीररावांनी शास्त्र काढलं. हातात नवे कोरे चामडी हातमोजे होते. ते हवेत फिरवत त्यांनी सांगितलं, की फांदी कधी एका घावात कापायची नाही. आधी खोडापासून हातभर लांब, खालून एक काप घ्यायचा. मग त्याच्या थोडं पुढे, वरून. म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. राहिलेला ठोंब सगळ्यात शेवटी, फांदीच्या बुडाशी जी सुजल्यासारखी कडा असते तिला धक्का न लावता. बाईंनी मान डोलावली. उत्तर बरोबर असलं की त्या अशीच डोलावत.

दत्ताजीराव उठले. शिडीच्या तीन पायऱ्या चढून त्यांनी कोयत्याच्या पाठीनं खोडावर ठोकलं. आवाज बद्द आला. हातभर वर ठोकलं. पुन्हा बद्द.

“मुकादम, हे पोट भरलेलं आहे. इथे मशीन नको. आधी हातकरवतीनं चाचपू.”

“जून लाकूड असंच वाजतं.”

“लाकूड नाही वाजत असं.”

“दत्ताजी, तीस वर्षं झाडावर मी काढली आहेत की तू?”

या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. दत्ताजीराव खाली उतरले आणि मशीन दोराला बांधून त्यांनी वर चढवलं.

मशीन नवव्या झटक्याला सुरू झालं. सोसायटीतली कुत्री गप्प झाली. पहिला काप खालून, ठरल्याप्रमाणे. दुसरा वरून. फांदीचा पुढचा भाग दोरावर झुलत नीट खाली आला आणि हंबीररावांनी वरूनच बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे टाकतात. मग त्यांनी ठोंबाला हात घातला.

करकर्र असा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि मशीन ठप्प झालं. साखळीचे दात बोथट झाले होते. पाठोपाठ सालीचा एक पापुद्रा सुटला, त्यामागून पाटाएवढा एक ठोकळा घसरला आणि खालच्या कर्दळीत धप्पकन येऊन पडला. सिमेंट होतं. झाडात जिथून तो निघाला तिथे काळी, ओली सड होती, आणि मुंग्या.

हंबीरराव शिडीवरून उतरले ते बोलतच उतरले.

“कोण गाढव असेल! झाडाच्या पोकळीत सिमेंट? अहो, झाड डोलतं, सिमेंट डोलत नाही. मध्ये फट पडते, फटीत पाणी जातं, पाण्यानं सड लागते. एवढी साधी गोष्ट! वरून साल वाढते आणि लोकांना वाटतं बरं झालं. आत झाड मरतंय! असल्या माणसाला झाडाच्या सावलीतही उभं करू नये.”

बोलता बोलता त्यांना वाटलं, हे वाक्य आपण पूर्वी ऐकलं आहे. जसंच्या तसं. डोलतं, डोलत नाही. कुणाच्या तोंडून, ते काही आठवेना.

दत्ताजीरावांनी बादलीतलं पाणी त्या ठोकळ्यावर ओतलं. माती वाहून गेली. सिमेंटवर एका डाव्या हाताचा पंजा उमटलेला होता. खाली १९७१. पंजाची तर्जनी अर्धी होती.

हंबीररावांचा डावा हात हातमोज्यात होता. हातमोज्याच्या तर्जनीचं वरचं पेर रिकामं होतं, कारण आतलं पेर १९६८ सालीच कोयत्यानं नेलं होतं. त्यांनी तो हात पाठीमागे नेला.

एकाहत्तरात इथे सोसायटी नव्हती. नुसता माळ होता, खात्याची ओळीनं झाडं होती, आणि साहेब प्रात्यक्षिक बघायला आले होते. पोकळी खरवडायची, विटांचे तुकडे आणि सिमेंट ठासायचं, वर डांबर. हंबीररावांनी ओल्या सिमेंटवर पंजा दाबून सही केली आणि साहेबांनी टाळी वाजवली. दत्ताजीनं मात्र झाडावर चढायला नकार दिला. झाड डोलतं, सिमेंट डोलत नाही, असं काहीतरी तो म्हणत होता. साहेबांनी विचारलं, हा का चढत नाही? हंबीरराव म्हणाले, “भीती वाटते त्याला उंचीची, साहेब. सांगायला लाजतो.” साहेब हसले होते. मुकादमाची जागा एकच होती आणि ती त्या आठवड्यात भरायची होती.

पुढे हंबीररावांनी हे इतक्या वेळा सांगितलं, की त्यांनाही ते खरंच वाटू लागलं. आज सकाळीसुद्धा सांगितलं. दहा फुटांवरून.

निरुपमाबाईंनी चहा आणला. हंबीररावांनी हातमोजे न काढताच कप धरला. कपाच्या कानात चामडी बोट शिरेना, तेव्हा त्यांनी कप दोन्ही हातांनी ओंजळीत घेतला.

“हातमोजे काढा की हो.”

“नियम आहे, बाई. मशीनवाल्या माणसाचा.”

“चहा पितानासुद्धा?”

“तेव्हा तर खासच.”

चहा हातमोज्यावर सांडला. बाई ठोकळ्याकडे बघत होत्या. “पण कुणाचा असेल हो हा हात? तुमच्याच खात्यातलं कुणीतरी असणार.” मग मिश्किलपणे दत्ताजीरावांकडे वळल्या. “मघापासून अगदी गप्प आहात. तुम्ही तर नव्हे?”

दत्ताजीरावांनी बशी दोन्ही हातांनी धरली होती. दहाही बोटं उन्हात स्वच्छ दिसत होती. त्यांनी हंबीररावांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“असेल कुणी. जवा दो, बाई. सत्तावीस वर्षं झाली. आता कशाला नाव काढायचं त्याचं?”

शिवी दिली असती तर हंबीररावांनी उलट चार दिल्या असत्या. हे मात्र त्यांना सोसेना. त्यांनी कप खाली ठेवला, डावा हातमोजा ओढून काढला, गुडघ्यावर बसले आणि हात त्या पंजावर ठेवला. तळहात आता जाड झाला होता, नीट बसला नाही. अर्धं बोट तेवढं अचूक बसलं.

“मी भरलं हे,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “मघाचं गाढव मीच. आणि याला उंचीची भीती कधीच नव्हती. ते मीच साहेबांच्या कानात घातलं. मला मुकादम व्हायचं होतं.”



“ठाऊक आहे,” दत्ताजीराव म्हणाले.

“कधीपासून?”

“रोपवाटिकेत बदली झाली, त्या कागदावर कारण लिहिलं होतं. मला वाचता येतं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तुम्हीच तर बोलत होतात. आज सकाळीही बोललात.”

दत्ताजीरावांनी बशी पुसल्यासारखी रिकामी केली, हातकरवत पाठीला अडकवली, दोराचा फास कमरेला घेतला आणि साठाव्या वर्षी त्या शिरीषावर चढले. शिडी संपली तिथे थांबलेसुद्धा नाहीत. दोर खोडाभोवती सरकवत, तळवे सालीवर रोवत, थेट ठोंबापर्यंत. हंबीररावांनी आयुष्यात इतकं नीटस चढणं पाहिलं नव्हतं. आपणच ते कुणाला पाहू दिलं नव्हतं, हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

मान खाली घालून दोर धरता येत नाही. “हंबीरराव,” वरून हाक आली. मुकादम नव्हे. “दोराचे खोडाभोवती दोन वेढे द्या. आता सोडा. हळू. तुमचं हे पहिलंच आहे, घाई नको.”

हंबीररावांनी हळू सोडला. ठोंब खाली आला. काप इतका सुरेख होता, की बुडाची सुजलेली कडा सगळीकडून शाबूत राहिली होती.

“वर औषध नाही लावायचं? डांबर?” निरुपमाबाईंनी विचारलं.

“काही नको, बाई. पोकळीही उघडी राहू द्या. त्याचं ते बघून घेईल.”

सामान आवरून झालं. हंबीरराव टोपी हातात घेऊन बाईंसमोर उभे राहिले. स्कूटरवरची ती पाटी आपण आजच पुसून टाकणार, तिन्ही भाषांत. बाईंच्या झाडाचे आणि दत्ताजीरावांचे आपण गुन्हेगार आहोत. बाई सांगतील ती शिक्षा कबूल आहे. एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. निरुपमाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या कर्दळीतल्या ठोकळ्याकडे बघून म्हणाल्या,

“तो दगड तेवढा इथेच ठेवून जा. कपडे धुवायला बरा आहे. फक्त त्या पंजात पाणी साचेल हो, आणि इथे डास फार. तेवढ्या खळग्यात जरा सिमेंट भरून द्याल?”