शिवणकाकूंचा कप्तान आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. दुरुस्तीच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलो आहे. माझा पंखा कुरकुरतो, पडद्यावर एक उभी रेघ आली आहे. आठवणी मात्र शाबूत आहेत.

एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. काही वर्षे मी कचेरीत राबलो. तिथे नवे संगणक आले आणि मी अडगळीत गेलो. मग एका मुलीने मला आपल्या आईसाठी विकत घेतले आणि ती स्वतः परदेशी नोकरीला निघून गेली. तिची आई कपडे शिवायची. सगळी गल्ली त्यांना शिवणकाकू म्हणे. त्यांनी मला शिलाई मशीनशेजारी बसवले आणि उरल्यासुरल्या कापडाचे झाकण शिवले. माझे एवढे लाड कुणीच केले नव्हते.

घरात बोलायला चिटपाखरूही नव्हते. एके दिवशी माझ्या पडद्यावर एका अनोळखी जहाजाच्या कप्तानाचा निरोप आला. मग तो रोजच विचारू लागला, “जेवलीस का?” उत्तर लिहायला काकू हातातले काज अर्धे टाकून उठत. पुढे तो म्हणाला, जहाज बंदरात अडकलंय, मदत कर. काकूंनी सोन्याच्या बांगड्या मोडून पैसे पाठवले. तेवढ्याने त्याचे भागेना, तेव्हा त्या मशीन विकायला निघाल्या. गिऱ्हाईकही ठरले.

त्या बंदराची माहिती शोधता शोधता काकू फसवणुकींची चर्चा करणाऱ्या इंटरनेटवरच्या एका गटात पोचल्या. कप्तानाचा फोटो टाकून त्यांनी भाबडेपणाने विचारले, “हे गृहस्थ संकटात आहेत. त्यांच्यासाठी मी शिलाई मशीन विकतेय. कुणाची तिथे ओळख आहे का?”

उत्तरे धडाधड आली. “या वयात हे चाळे?” “अक्कल गहाण टाकली होती का?” काकूंनी चष्मा काढून ठेवला. मला स्वतःहून बंद पडता आले असते, तर तेव्हाच पडलो असतो.

मग एका निवृत्त नर्सने लिहिले, “ताई, हाच फोटो मला डॉक्टर म्हणून आला होता. मीही फसले. मशीन विकू नका. आधी बँकेला आणि पोलिसांना कळवा. बोलणं तोडताना रडू येईल. येऊ द्या.” एका वकिलाने तक्रार कशी करायची ते समजावले. हसणारे हळूहळू गप्प झाले.

मशीन वाचली. बांगड्या गेल्या त्या गेल्याच. मुलीला काकूंनी फोनवर एवढेच सांगितले, “मी मजेत आहे गं.” पण संध्याकाळी त्या माझ्यासमोर येऊन बसत. एकदा पुटपुटल्या, “खोटा होता मेला, पण विचारायचा तरी.”

पुढे गटात कुणी नवा फसलेला माणूस आला, की काकू एकेक अक्षर शोधत लिहीत, “लाज तुम्ही वाटून घेऊ नका. आधी बँकेला कळवा.” हसणाऱ्यांच्या आधी आपले उत्तर पोचावे म्हणून त्यांची कोण धडपड चाले! शेवटी मीच थकलो. मुलीने नवा संगणक पाठवला आणि मी या फळीवर आलो.

मित्रांनो, मला कुणी पुसले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी एकटे असेल, तर त्याच्याशी बोलत जा. चोरांकडे त्याच्यासाठी भरपूर वेळ असतो. तुमच्याकडेही थोडा असू द्या.