फक्त चढणारे मोजावेत

बरोबरकाकांचा अर्ज त्यांच्या सुनेनं भरला. नगरपालिकेला वाहतूक समितीवर बसायला नागरिक हवे होते. मानधन नाही, महिन्याला एक बैठक, अशी सूचना तिनं पाणीपट्टीच्या खिडकीशेजारी वाचली होती. अशा सूचना कुणी वाचत नाही, वाचली तर अर्ज नेत नाही, आणि नेला तर भरत नाही. सुनेनं तिन्ही गोष्टी एका दुपारी उरकल्या. 'या कामाची आवड का आहे?' या प्रश्नापुढे तिनं लिहिलं, 'मोजणीचा चाळीस वर्षांचा अनुभव.' खरं कारण लिहायला तिथं जागा नव्हती. खरं कारण असं, की सासूबाईंना जाऊन अकरा महिने झाले होते आणि सासरे सकाळी ज्या खुर्चीत बसत, त्याच खुर्चीत संध्याकाळी सापडत.

काकांनी अर्जावर सही केली. सुनेनं कुठल्याही कागदावर बोट ठेवलं असतं, तर तिथंही केली असती.

नट-बोल्टांच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. खोक्यातले नग मोजायचे, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, झाकण लावताना तोंडानं 'बरोबर' म्हणायचं. त्यावरून हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही घरापर्यंत आलं. शिस्त एकच होती: चिठ्ठी जेवढं विचारते तेवढंच लिहायचं. खोकं फाटलंय, नगाला गंज आहे, हे बघणारी माणसं वेगळी. चाळीस वर्षांत त्यांचा एक आकडा चुकला नाही आणि एक शब्द जादा झाला नाही.

बायको गेली तेव्हाही ते असेच होते. भेटायला आलेल्यांना पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, उचलल्या. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नातेवाईक आपापसांत म्हणाले, माणूस दगडाचा आहे. काकांच्या ते कानावर आलं. आपल्याला काही वाटत का नाही, असा विचार त्यांनी थोडा वेळ केला आणि मग त्याचंही काही वाटेना.

समितीत पाच जण होते. अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापिका, पालिकेचा एक तरुण अभियंता, काका आणि आणखी दोन नागरिक, ज्यांपैकी एक बिस्किटं संपेपर्यंत जागा असे. बैठकीची रीत ठरलेली होती. अभियंता विषय वाचायचा, बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "विरोध कुणाचा?" आणि वर्गात 'कुणाला काही शंका?' विचारल्यावर पसरते तशी शांतता पसरायची. शांतता म्हणजे होकार. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं जायचं. काकांना ही रीत सोयीची वाटली, कारण तिथं गप्प बसलं तरी काम केल्यासारखं होत होतं.

तिसऱ्या बैठकीत बसथांब्यांचा विषय आला. गाड्या उशिरा धावतात, थांबे जास्त झालेत, काही काढायला हवेत. कोणते काढायचे ते मोजून ठरवायचं, आणि मोजायचं समितीतल्या नागरिकांनी. आठवडाभर, सोमवार ते शनिवार, सकाळी सहा ते दहा. वेळ सकाळचीच का, तर मोजणारे वयस्कर, त्यांना ऊन लागायला नको. सहा दिवसांत तीसपेक्षा कमी माणसं चढली, की तो थांबा आणि रस्त्यापलीकडचा त्याचा जोडीदार, दोन्ही खांब उपटायचे.

काकांच्या वाट्याला दवाखान्याचा थांबा आला. घरापासून जवळ म्हणून. तक्त्यात तीनच रकाने होते: तारीख, गाडीची वेळ, चढणारे. खाली ठळक अक्षरांत सूचना होती, फक्त चढणारे मोजावेत. अभियंत्यानं समजावलं, की तिकीट चढताना फाडतात, म्हणून चढणारा तेवढा खरा प्रवासी. तो पोरगा वाईट नव्हता. तक्ता त्याच्याकडे जसा आला, तसा त्यानं पुढं सरकवला होता.

दुसरा थांबा द्या, असं काका म्हणू शकले असते. चार वर्षं, आठवड्यातून तीनदा, ते बायकोला घेऊन त्याच थांब्यावर उतरले होते. डायलिसिसची सकाळची पाळी सातची. ती आधी उजवा पाय खाली टाकायची, मग त्यांचं मनगट धरायची, मग डावा पाय. बाकावर दोन मिनिटं दम खायचा, मग फाटक. पुढं चार तास ती मशीनवर, हे बाहेर. दुपारी पलीकडच्या खांबापासून परतीची गाडी. हे सगळं सांगायचं तर बायकोचा विषय काढावा लागला असता, आणि तो विषय ती गेल्यापासून त्यांनी कुणापाशी काढला नव्हता. त्यांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला.

सोमवारी सहाला ते थांब्यावर जाऊन बसले. पावणेसातची गाडी आली. दार उघडलं, माणसं उतरू लागली. सुजलेल्या पायांची, हातावर पट्टी बांधलेली, कुणी मुलीच्या आधारानं, कुणी एकटं. चढायला कुणी नव्हतं. सकाळी दवाखान्यातून निघणार कोण? काकांनी गाडीची वेळ लिहिली आणि पुढं शून्य काढलं. गोल, नीटस.

उतरणाऱ्यांमध्ये शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांची खाट काकांच्या बायकोच्या खाटेला लागून होती. दोघींनी चार वर्षं शेजारी शेजारी पडून एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढली होती. बाईंनी काकांकडे बघून मान हलवली आणि काय लिहिताय, म्हणून विचारलं. काका म्हणाले, समितीची मोजणी आहे, थांबा ठेवायचा की नाही ते ठरवायला. एवढं बोलून त्यांनी कागदात डोकं घातलं.

मंगळवारी शून्य, बुधवारी शून्य. पण चाळीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. हात शून्य लिहीत होता आणि डोकं आपलं उतरणारे मोजत होतं. सोमवारी चौदा, मंगळवारी पंधरा. बुधवारी एकदम वीस, मग बावीस, तेवीस, चोवीस. आकडा वाढतोय हे त्यांना दिसलं. का वाढतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. गुरुवारपासून तर उतरलेली माणसं त्यांच्या बाकासमोर क्षणभर थांबून, नमस्कार करून पुढं जायला लागली. काका मान हलवत आणि लिहीत, शून्य.

पुढच्या बैठकीत तक्ते फिरले. अध्यक्षबाईंनी काकांचा तक्ता मुद्दाम उंच धरून सगळ्यांना दाखवला. खाडाखोड नाही, डाग नाही, असं काम हवं. मग अभियंत्यानं वाचलं: दवाखाना थांबा, सहा दिवस, चढणारे शून्य. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. एकही नाही का काका, असं त्यानं विचारलं. एकही नाही, काका म्हणाले. ते खरंच होतं.

"विरोध कुणाचा?" बाईंनी विचारलं.

काकांच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. तिथं लोक चढत नाहीत, उतरतात. एवढंच. लहान पोरालाही सांगता आलं असतं. पण त्यावर बाई विचारणार, तुम्हाला काय ठाऊक? मग बायको, मग मशीन, मग ते मनगट. समोर बिस्किटांची बशी होती. काकांनी बिस्किटं मोजली. सहा होती. तेवढ्यात शांतता पुरेशी झाली आणि बाई पुढच्या विषयाकडे वळल्या.

हरकती मागवायची नोटीस खांबाला पंधरा दिवस डकवलेली होती. एकही हरकत आली नाही. अभियंता म्हणाला, बघा, थांबा कुणाला नकोच होता. काकांनाही क्षणभर तसंच वाटलं. नको असेल बुवा, आपण कशाला उगीच जिवाला लावून घ्या. जिवाला तसं काही लागलेलं नव्हतंच.

पालिकेचा आणखी एक नियम होता. खांब काढताना मोजणी करणाऱ्या सदस्यानं हजर राहायचं आणि थांबा काढल्याच्या कागदावर सही करायची. म्हणून काका सोमवारी पुन्हा तिथं गेले. दोन कामगार पहारीनं खांबाचं बूड मोकळं करत होते. पावणेसातची गाडी आली, वेग कमी न करता पुढं निघून गेली, आणि उताराच्या तळाशी, पुढच्या थांब्यावर उभी राहिली. तिथून माणसं उतरली आणि चढ चढायला लागली. तरुण माणसाला पाच मिनिटांचा चढ. ती माणसं दर विजेच्या खांबापाशी थांबत होती. एक म्हातारे गृहस्थ तर मधल्या दुकानाच्या पायरीवर बसले, ते उठेनात.

शिवणकामाच्या बाई सगळ्यांत शेवटी आल्या. सातला दहा मिनिटं कमी असताना उतरल्या होत्या आणि आता सव्वासात झाले होते. ओठ निळसर पडले होते. त्या बाकावर काकांशेजारी टेकल्या आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. रागावतील, असं काकांना वाटलं. पण बाईंचा चेहरा रागावलेला नव्हता, ओशाळलेला होता. आपल्याच हातून काही कमी पडलं असावं, तसा.

"काका, किती कमी पडलो आम्ही?" त्यांनी विचारलं.

काकांना प्रश्न उमजला नाही.

"गाडी करून येणाऱ्यांनासुद्धा मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, या आठवड्यात बसनं या. काका मोजायला बसलेत, त्यांना दिसेल असे उतरा. त्या पलीकडच्या खाटेवरच्या आजी तर दीड वर्षानं बसमध्ये चढल्या. किती हवे होते?"

"तीस," काका म्हणाले.

"रोज?"

"आठवड्याला."

बाईंनी मनाशी हिशोब केला. दोनदा केला. "आणि आम्ही किती होतो?"

खरं तर इथं काकांना शून्य म्हणता आलं असतं. कागदावर तेच होतं, सही त्यांचीच होती. पण विचारलेल्या आकड्याला खोटा आकडा सांगायचं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"एकशे अठरा," ते म्हणाले.

पहारीचा आवाज चालू होता. काकांनी मग सांगून टाकलं, की तक्त्यात उतरणाऱ्यांचा रकाना नव्हता. बैठकीत विरोध आहे का विचारलं, तेव्हा सांगायला हवं होतं. सगळं ठाऊक होतं आणि आपण गप्प बसलो. हे सांगतानाही त्यांचा आवाज खोक्यावरची चिठ्ठी वाचावी तसा सपाट होता, आणि तो तसा निघतोय याची त्यांना पहिल्यांदा लाज वाटली.

"नोटीस लागली होती," ते म्हणाले. "तुमच्यापैकी एकानं जरी हरकत घेतली असती, तरी पुन्हा मोजावं लागलं असतं."

"लिहिली होती की," बाई म्हणाल्या. "अर्ज लिहून तयार होता. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. मीच म्हटलं, कशाला द्यायचा? समितीवर आपल्या वहिनींचे हे आहेत. चार वर्षं त्यांनी वहिनींना इथं हात धरून उतरवलंय. ते असताना आपण अर्ज करायचा म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

त्या उठल्या. उठताना तोल गेला, पण काकांनी पुढं केलेला हात त्यांनी धरला नाही, बाकाची कड धरली. रागानं नाही, मशीनची वेळ टळली होती आणि त्यांचं लक्ष फाटकाकडे होतं.

खांब आडवा झाला. कामगारानं हात झटकले, कागद आणि पेन काकांच्या मांडीवर ठेवलं आणि सहीच्या जागेवर बोट टेकवलं. काकांनी पेन घेतलं. मग त्यांचे डोळे इतके भरून आले, की बोट कुठं आहे ते त्यांना दिसेना.