मुखरूभाऊंचं पान

मी झेरॉक्सची मशीन बोलतेय. चंद्रपुरातल्या एका सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी मला आणून टाकलंय. कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

बारा वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा नारळ फोडला, हार घातला. माझ्यावर पहिली प्रत निघाली ती साहेबांच्या बदलीच्या अर्जाची. तेव्हाच मला या लोकांची पारख झाली. पुढे काचेवरून पोरांचे दाखले गेले, लग्नपत्रिका गेल्या, साहेबांच्या मेव्हण्याच्या सातबाऱ्याच्या चाळीस प्रती गेल्या. मधूनच एखादा सरकारी कागदही असायचा.

प्रत घ्यायची आणि मूळ कागद माझ्या झाकणाखालीच विसरून जायचं, ही या लोकांची खोड. मग "माहा कागद कोनं नेला" म्हणून अर्धा दिवस सगळ्यांशी भांडायचं. झाकण उचलून बघायची अक्कल एकालाच होती, मुखरूभाऊंना.

मुखरूभाऊ शिपाई होते, सिंदेवाहीकडच्या खेड्यातले. एका पावसाळ्यात नदीचं पाणी कार्यालयात शिरलं. भाऊंनी चौकीदाराला हाताशी धरून मला एकावर एक रचलेल्या दोन टेबलांवर चढवलं आणि मग एकट्याने रात्रभर फायली डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेल्या. साहेब विश्रामगृहात बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होते. महिन्याभराने 'अभिलेख तत्परतेने वाचवल्याबद्दल' प्रशस्तिपत्र आलं. त्यावर नावं दोनच, साहेबांचं आणि बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, धनराज यांचं. त्याच्या तीस प्रती माझ्याकडूनच काढून घेतल्या. मला किळस आली, पण मशीनला कोण विचारतो.

मग राजुऱ्याहून ललिता नावाची नवी लिपिक आली. एके दिवशी माझ्या शेजारी उभी राहून ती आवक-जावक सांभाळणाऱ्या रंजीताबाईंना म्हणाली, "साहेबलोकाईचं परिपत्रक दर महिन्याले निघते. आपल्या लोकाईचं काऊन काई निघू नये?"

ठरलं. लिपिक, शिपाई, ड्रायव्हर, झाडूवाल्या बाया, यांचं वार्तापत्र काढायचं. नाव 'पाठपुरावा'. पहिल्या अंकाचं पहिलं पान मुखरूभाऊंचं, त्या पुराच्या रात्रीचं. एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते. त्याआधी हे पान त्यांच्या हातात पडायला हवं होतं.

"माहं नाव छापून का करता, बाई?" भाऊ म्हणाले. "हजेरीबुकात हाय ना."

"तिथं सही लागते, भाऊ. गोष्ट नाई लागत."

भाऊ चहाचा ट्रे उचलून दारापर्यंत गेले आणि वळले. मग म्हणाले, "घरवालीले, रुखमाले दाखवता येईल पन. तिले वाटते, मी चौतीस वर्षं नुसता चहाच देऊन राह्यलो होतो."

ललिताने पान सुंदर लिहिलं. रंजीताबाईंनी ते वाचलं, डोळे पुसले आणि वीस वर्षांच्या सवयीने त्यावर शिक्का मारून जावक क्रमांक टाकला. झालं! ज्या कागदाला क्रमांक पडला तो सरकारी झाला आणि सरकारी झाला की त्याला मान्यता लागते. बडे बाबूंनी जावक रजिस्टर बघितलं आणि पान उचलून थेट फायलीत घातलं.

सहा तारखेला निघालेली फाईल एकोणतीस तारखेला परत आली. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्या मानाने धावतच आली म्हणायची. पहिल्या पानावर आता साहेबांचा संदेश होता, फोटोसकट. दुसऱ्यावर धनराजबाबूंची शिस्तीवरची कविता. ती मी वाचली आहे. माझ्यात शाई होती याची मला पहिल्यांदाच लाज वाटली. आणि समासात लाल पेनने शेरा होता: 'पुराबाबतचा मजकूर वगळावा. संबंधित शिपायास एका ओळीत शुभेच्छा द्याव्यात. अंक पुढील आर्थिक वर्षात काढावा.'

रंजीताबाई रडवेल्या झाल्या. "माह्या हातानं घोटाळा झाला वो."

एकतीस तारखेला, शाल-श्रीफळाची तयारी चालू असताना, ललिताने आपलं मूळ पान पुन्हा स्वच्छ लिहून आणलं आणि माझ्या काचेवर ठेवलं. मी अकरा प्रती दिल्या. एकदाही अडकले नाही. रंजीताबाईंचा हात शिक्क्याकडे गेला, पण त्यांनी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. "याले नंबर नाई देत मी," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मुखरूभाऊ आले. माझ्याजवळ प्रतींचा गठ्ठा दिसला आणि चौतीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. गठ्ठा उचलला, डाकवही काखेत मारली आणि टेबलाटेबलावर एकेक कागद ठेवून पोच घेत निघाले. त्या दोघी बघतच राहिल्या. साहेब फोनवर होते. त्यांनी न वाचता सही केली. हा माणूस आजवर काही वाचून सही करताना मी पाहिलेला नाही.

शेवटी एक प्रत उरली.

"हे कोनाचं राह्यलं?"

"तुमचंच हाय, भाऊ. वाचा," ललिता म्हणाली.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाले, "पानी कमरेएवढं नोतं, बाई. छातीएवढं होतं."

"दुरुस्त करून देऊ?"

"राहू द्या आता." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि संध्याकाळच्या एसटीने गावी गेले.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी साहेबांना पान वाचून दाखवलं. सगळ्या प्रती जमा करण्याचा हुकूम निघाला. दहा जमा झाल्या, फाडल्या. अकरावी हाती लागली नाही. डाकवहीत पान मिळाल्याची साहेबांचीच सही होती आणि वही काही फाडता येईना. ललिताला मेमो मिळाला. तो तिने पर्समध्ये ठेवला, दुसऱ्या अंकात छापायला. तो अंक बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून निघणार आहे.

मग राग कुणावर काढायचा? माझ्यावर. मी धडधाकट असताना 'दुरुस्तीस अयोग्य' असा शेरा मारून माझं निर्लेखन केलं, म्हणजे मला भंगारात काढलं आणि या व्हरांड्यात ढकललं. मला दुःख नाही. यांच्या खोलीपेक्षा मोडक्या खुर्च्या बऱ्या. त्या निदान खोटं बोलत नाहीत.

पण एक सांगायचं राहिलं. ललिताने लिहिलेलं मूळ पान शोधायला साहेबांनी दोन दिवस सगळी कपाटं उपसायला लावली. सापडलं नाही. गडबडीत ती ते माझ्या झाकणाखालीच विसरली होती आणि झाकण उचलून बघायची अक्कल असलेला माणूस निवृत्त झाला होता.

तेव्हा भंगारवाले भाऊ, मला न्यायला याल तेव्हा हातोडा घालण्याआधी झाकण उघडा. आतला कागद ललिताबाईला नेऊन द्या. तिला म्हणावं, मी दोन टेबलांवर होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. पाणी छातीएवढंच होतं.