पोटातल्या बाळाचं मस्टर

शांतारामांनी, म्हणजे घरातल्या आबांनी, गोरेगावच्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केली. त्या एकतीस वर्षांत एकही खोटी हजेरी लागली नाही, हे वसई रोडच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं. आबा ते सांगायची संधी कुठेच सोडत नसत, अगदी मयताला गेले तरी.

निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. अशात सून विनिताला आठवा लागला आणि पापडीच्या प्रसूतिगृहातल्या नर्सने, इझाबेलने, तिच्या हातात एक कार्ड ठेवलं. "पोरी, दिवसाला दहा लाथा तरी मोजायच्या. लाथ बसली की रेघ मार. कमी भरल्या तर थांबायचं नाही, सरळ इकडे यायचं."

आबांनी कार्ड पाहून नाक मुरडलं. एवढ्याशा चौकोनात कुठे हजेरी लागते? स्टेशनजवळून मस्टर आणलं, लाल-निळी पेन्सिल आणली आणि कारभार ताब्यात घेतला. मुलगा प्रीतम सकाळीच कामावर जायचा, त्यामुळे विरोध करायलाही कोणी नव्हतं. विनिताने आतून "आबा, लाथ!" म्हणायचं आणि आबांनी घड्याळ बघून रेघ ओढायची. पहिली लाथ नवानंतर आली तर लेटमार्क. एक ते दोन जेवणाची सुट्टी. दहाच्या वर गेल्या की ओव्हरटाइम. विनिताला आधी हसू यायचं. मग मोजायची कटकट गेली म्हणून बरंच वाटायला लागलं. संध्याकाळी ती फक्त विचारायची, "आबा, भरल्या?"

"भरल्या!" आबा रुबाबात म्हणायचे.

शनिवारी सव्वीस झाल्या. नातवंड कामसू निघणार म्हणून आबांची छाती फुगली.

रविवारी दोनच. आबांनी विचार केला, रविवारी कारखानासुद्धा बंद असतो. भरपगारी सुट्टी धरून त्यांनी दहा रेघा पुऱ्या केल्या. "भरल्या?" "भरल्या."

सोमवारी चार. आता मात्र लाल पेन्सिल उचलावीच लागली, पण हात चालेना. अजून जगात न आलेल्या जिवाच्या नावावर लाल शेरा मारायचा? शनिवारचा ओव्हरटाइम तर पडूनच होता. त्यातल्या सहा त्यांनी इकडे वळवल्या.

मंगळवारी सकाळी विनिता भिंतीला धरून बाहेर आली. "आबा, आज ते हलतच नाहीये हो."

मस्टर बरोबर घेऊन दोघं रिक्षाने पापडीला पोहोचली. डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावलं. "ठोके तर ऐकू येतायत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मस्टर उघडलं. "वा! रोज दहा तरी भरल्याच? इतकी नेटकी नोंद इथे कोणी आणत नाही हो. झोपलं असेल बाळ. काहीतरी खा, घरी आराम करा, संध्याकाळी परत बघू."

विनिताचा जीव भांड्यात पडला. ती चपला घालायला वाकली. आबा मात्र खुर्चीतच बसून राहिले. एकतीस वर्षांची सगळी अब्रू समोरच्या त्या मस्टरात होती.

"मॅडम, मस्टर खोटं आहे."

"म्हणजे?"

"रविवारी दोन. सोमवारी चार. बाकीच्या मी घातल्या."

विनिताने पायातली चप्पल परत काढली. डॉक्टरीणबाईंनी तिला परत खाटेवर झोपवून पोटाला पट्टे बांधले. यंत्रातून कागद सरकायला लागला. त्यावरची ठोक्यांची रेघ वर चढायची सोडून पुन्हा पुन्हा खाली घसरत होती. "थांबायला वेळ नाही," बाई म्हणाल्या आणि इझाबेल खाट ढकलत ऑपरेशनच्या खोलीकडे धावली.

बाहेरच्या बाकावर आबा मस्टर छातीशी धरून बसले. ते फाडून टाकावंसं वाटत होतं, पण तेवढंही धाडस होईना. तासाभराने आतून रडणं ऐकू आलं. बारीक होतं, पण होतं.

संध्याकाळी त्यांना आत बोलावलं. विनिताचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाळ शेजारच्या पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेलं.

"मस्टर उघडा," ती म्हणाली. "खरं लिहा."

आबांनी रविवारच्या आठ रेघा खोडल्या, सोमवारच्या सहा खोडल्या. मंगळवारचा रकाना कोरा होता. तिथे शून्य काढायला त्यांनी लाल पेन्सिल टेकवली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना रकानाच दिसेना.

पाळण्यातलं दुपटं हललं आणि एक इवलासा पाय बाहेर आला.

विनिताने पडल्यापडल्याच हाक मारली, "आबा, लाथ!"